बाळ काचेत, बायको दुसऱ्या दवाखान्यात. तिला किती सांगायचं?

पेटीबाहेरचा | १२ जुलै, रात्री २:१४

एरवी मी इथे नुसता वाचायला येतो. आज नवीन आयडी काढून लिहितोय, कारण जुना आयडी मेहुण्याला माहीत आहे.

३ जुलैला आम्हाला मुलगी झाली. २९ आठवडे, वजन १०८० ग्रॅम. बायकोचं बीपी दोन दिवसांत १७०च्या वर गेलं, लघवीतून प्रोटीन जायला लागलं, प्लेटलेट उतरल्या. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता थांबलो तर दोघींनाही धोका आहे. सिझर झालं त्या दवाखान्यात एवढ्या लहान बाळाची सोय नाही. त्यामुळे तासाभरात बाळ अँब्युलन्सने नदीपलीकडच्या दवाखान्यात आणि बायको अलीकडे. तिने बाळ अजून पाहिलेलं नाही. मी मोबाइलवर फोटो दाखवतो, तेही निवडून. ज्यात नळ्या कमी दिसतात ते.

सकाळी सातला मी बायकोकडे असतो. रात्रभर दर तीन तासांनी काढलेलं दूध ती छोट्या बाटल्यांत ठेवते. पहिल्यांदा चीक निघाला तो दोन मिलीच्या सिरिंजमध्येही अर्ध्यापर्यंतच आला होता. तेवढा घेऊन मी पावसात रिक्षाने पलीकडे निघालो. नळ स्टॉपच्या सिग्नलला सिरिंज मुठीत धरून बसलो होतो, तर रिक्षावाला म्हणाला, "साहेब, इन्सुलिन का?" मी हो म्हणालो. काय सांगणार?

मग फाइल घेऊन औषधाचं दुकान, बिलाची खिडकी, सह्या. ऑफिसचे फोन, आईचे फोन, सासऱ्यांचे फोन. बाळाजवळ दिवसातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं. कोपरापर्यंत हात धुवायचे, घड्याळ-अंगठी काढायची, गाऊन चढवायचा आणि पेटीसमोर उभं राहायचं. मला बाळापेक्षा मॉनिटर जास्त पाठ झालाय.

आता मुद्द्याचं. ८ तारखेच्या रात्री मुलीचं पोट फुगलं, दोनदा श्वास थांबला. जंतुसंसर्गाची शंका म्हणून दूध बंद केलं, अँटिबायोटिक बदललं. दूध अजून बंदच आहे. आणि बायको रोज विचारते, "संपवलं का तिने सगळं?" मी सांगतो, हो, आज चार मिली घेतलं. दुसऱ्या दिवशी पाच सांगितलं. खरं म्हणजे त्या सगळ्या बाटल्या तिच्याच नावाच्या चिठ्ठ्या लावून फ्रीजरमध्ये पडल्यात.

आज मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "आज सहा का?" हसत होती. मी हो म्हणालो आणि जिन्यात येऊन बसलो.

सांगू का तिला? तिचं बीपी अजून गोळ्यांना दाद देत नाही. घरचे सगळे म्हणतात, अवाक्षर काढू नकोस. ज्या बाबांनी हे दिवस काढलेत त्यांनी सांगा, तुम्ही किती सांगत होतात? आणि रात्री झोप कशी लागायची, तेही सांगा.

खडूस_काका | सकाळी ६:४०

सांगू नका. बाळंतिणीने धसका घेतला की दूध आटतं, आमच्या वहिनींचं झालं होतं. अशा वेळी पुरुषमाणसाने गिळायचं असतं. चार दिवसांनी बाळ सुधारलं की मग सांगा हवं तर. छोकरीला आशीर्वाद.

मुग्धा_के | सकाळी ७:२५

काका, तुमचा मान राखून सांगते, हे पटत नाही.

माझा मुलगा ३१ आठवड्यांचा होता, आता सहावीत आहे. मलाही नवऱ्याने काही सांगितलं नव्हतं. पण त्याचा चेहरा दिसत होता ना! दाराशी थबकून आधी हसू आणायचा आणि मग आत यायचा. मला वाटलं बाळ गेलंय आणि हे सगळे मिळून लपवतायत. दोन रात्री मी तेच धरून पडून होते. प्रत्यक्षात काय, तर काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. बस, एवढंच.

पेटीबाहेरचा, तुमच्या बायकोने मनात काय रचलंय ते तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्या खऱ्या बातमीपेक्षा ते वाईट असू शकतं. बीपी आहे म्हणून आधी तिच्या डॉक्टरांशी बोला आणि त्यांच्यासमोरच सांगा. जिन्यात बसून एकट्याने ठरवू नका.

दीड_शहाणा | सकाळी ७:४१

मुग्धा +१. वाचतोय.

डॉ_अनवाणी | सकाळी ९:०५

मी बालरोगवाला आहे. तुमच्या बाळाचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे ढोबळच बोलतो.

३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आधी जन्मलेलं ते अपुऱ्या दिवसांचं. २८च्या आतलं फारच लवकर आलेलं. तुमची लेक त्या रेषेच्या जरा अलीकडे आहे आणि ते 'जरा' फार मोलाचं असतं. पोट फुगणं, दूध थांबवणं, परत सुरू करणं हे या वजनाच्या बाळांत आम्ही वारंवार बघतो. याचा अर्थ ते किरकोळ आहे असा नाही. पण दूध थांबवणं हा उपचार आहे, हार नव्हे. श्वास थांबतो तो बऱ्याचदा मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं असल्यामुळे. त्यासाठी बहुधा कॅफीन चालू असेल. हो, तेच कॉफीतलं. फाइलमध्ये बघा.

आता त्या बाटल्या. गोठवलेलं दूध वाया जात नाही, पोट रुळलं की तेच कामी येतं. आणि दुधाची नळी बंद असली तरी चिकाचे दोन थेंब गालाच्या आतून लावता येतात, बऱ्याच ठिकाणी लावतात. उद्या राउंडला विचारा. परवानगी मिळाली तर बायकोला सांगताना तुमच्याकडे एक खरी गोष्ट असेल.

काळजीने दूध 'आटत' नाही, उतरायला वेळ लागतो. दूध कमी होतं ते वेळेवर न काढल्याने. दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. कमी पडलंच तर पुण्या-मुंबईत मातृदुग्धपेढ्या आहेत. आशियातली पहिली आपल्याच शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केली.

सिस्टर_रात्रपाळी | दुपारी ३:५०

आत्ता उठले. सतरा वर्षं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे.

दादा, मॉनिटर आमच्यासाठी असतो. तुम्ही बाळाकडे बघा. आकडा खाली गेला आणि बाळ गुलाबी असेल, हातपाय हलवत असेल, तर नव्वद टक्के वेळा पायाचा सेन्सर सरकलेला असतो. उद्या गेलात की सिस्टरांना विचारा, "हात ठेवू का?" एक तळवा डोक्यावर, एक पावलांशी. नुसता ठेवायचा. कुरवाळायचं नाही, हळू हळू बोटं फिरवलेली या बाळांना सोसत नाहीत. स्थिर हात आवडतो. आणि बोला तिच्याशी. नाव ठेवलं नसलं तर घरातलं काहीतरी म्हणा, चिमी, ठमी, काहीही.

एक निरीक्षण सांगते, राग मानू नका. आया येतात, रडतात, आम्ही खुर्ची देतो, पाणी देतो. बाबा येतात, वजन विचारतात, बिल कुठवर आलं विचारतात आणि जातात. कोणी त्यांना बस म्हणत नाही. एक बाबा महिनाभर रोज आले, कधी शब्द नाही. डिस्चार्जच्या दिवशी बाळाचे कपडे घडी करता करता खाली बसले ते उठेचनात.

जुनी_पानं | सायंकाळी ६:१२

दोन दवाखान्यांवरून आठवलं. ऑगस्ट १९६३, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी. मुलगा पॅट्रिक साडेचौतीस आठवड्यांचा, दोन किलोच्या थोडा वर. आई केप कॉडच्या हवाई दलाच्या दवाखान्यात, बाळ बोस्टनला आणि बाप दोन्हीकडे. ३९ तासांत बाळ गेलं. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस, पण

मुग्धा_के | सायंकाळी ६:२०

जुनी पानं, अहो ही वेळ आहे का हे सांगायची?

डॉ_अनवाणी | सायंकाळी ६:४४

वेळ चुकली खरी, पण गोष्ट अर्धी राहिली, तर पुरी करतो. त्या बाळाला जो फुप्फुसांचा आजार होता त्यावर तेव्हा औषधच नव्हतं. फुप्फुसांतले बारीक फुगे चिकटू नयेत म्हणून शरीर एक पदार्थ तयार करतं, सरफॅक्टंट. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो कमी असतो. तो बाहेरून देऊन बाळं वाचवल्याचं जपानमध्ये फुजिवारा यांनी १९८०मध्ये दाखवलं. पेटीबाहेरचा, तुमच्या पहिल्या दिवसाच्या बिलात बघा, ती महागडी कुपी असेल. अध्यक्षांच्या मुलाला जे मिळू शकलं नाही ते तुमच्या मुलीला पहिल्या काही तासांत मिळालं.

नाव_नको | रात्री ११:३८

हे मी कुणाशी बोललेलो नाही.

आमचा मुलगा सत्ताविसाव्या आठवड्यात झाला. सहा दिवस होता. सहाव्या दिवशी पहाटे गेला. बायको तेव्हा माहेरच्या गावच्या दवाखान्यात होती, टाके भरायचे होते. वडील आणि सासरे म्हणाले, आज नको, उद्या घरी आणू आणि सांगू. मी ऐकलं. त्या दिवशी संध्याकाळी तिने फोनवर विचारलं, कसा आहे? मी म्हणालो, झोपलाय.

नऊ वर्षं झाली. आता आम्हाला एक मुलगी आहे, सगळं नीट आहे. बायको मला त्याबद्दल कधी बोलली नाही. पण एकदाच म्हणाली होती, "त्या दिवशी मी त्याच्यासाठी दूध काढत होते."

सांगा तुम्ही.

पेटीबाहेरचा | १५ जुलै, रात्री १२:५०

नाव_नको, तुमचा प्रतिसाद वाचून मोबाइल उलटा ठेवला आणि उजाडेपर्यंत जागा होतो.

सांगितलं. आधी तिच्या डॉक्टरांना भेटलो. त्या म्हणाल्या, बीपीची काळजी माझ्यावर सोडा, मी खोलीत थांबते. मी सगळं सांगितलं. चार मिली, पाच मिली, सहा मिली, सगळं. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या बाटल्या?" मी म्हणालो, फ्रीजरमध्ये, सगळ्या. तर म्हणाली, "मोजून ये."

अठ्ठावीस होत्या.

मग भांडली. चांगली तासभर भांडली. मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. रात्री बीपी १३८/८८ होतं, म्हणजे 'सांगू नका' म्हणणाऱ्या काकांचा अंदाज चुकला (काका, हलकं घ्या). आता ठरलंय असं: डॉक्टर राउंडला आले की मी तिला फोन लावून स्पीकरवर टाकतो, आणि जे तिला कळतं तेवढंच मला कळतं. चिकाचे थेंब लावायला परवानगी मिळाली. कापसाच्या बारीक बोळ्याने मीच लावले. तिने ओठ मिटले. एवढंसं तोंड, पण चव घेतल्यासारखं केलं.

हातही ठेवला. दोन्ही तळवे मिळून ती पूर्ण झाकली जाते.

खडूस_काका | सकाळी ६:१५

हलकंच घेतलं. लिहीत राहा.

टेम्पोवाला_लातूर | सकाळी १०:०२

आमचं सरकारी दवाखान्यात होतं, जिल्ह्याच्या ठिकाणी, एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विभागात. पैसा लागला नाही, औषधसुद्धा बाहेरून आणायला लावलं नाही, ते खरं सांगतो. पण बापाला आत जागा नव्हती. आईला दूध पाजायला, कांगारू करायला, म्हणजे बाळ उघड्या छातीला लावून ठेवायला बोलवायचे. मी पोरगं पहिल्यांदा बघितलं अकराव्या दिवशी, ते पण दार उघडलं तेव्हा लांबून.

तेवीस दिवस व्हरांड्यात सतरंजी टाकून होतो. आम्ही सात बाप होतो. एकाचा डबा आला की सगळ्यांनी खायचं. गाडी बंद म्हणजे रोजचा हप्ता बंद, तर दुपारी एकदोन फेऱ्या मारून यायचो, बाकीचे माझ्या नावावर कान ठेवायचे. रात्री आतून कुणाचंही नाव पुकारलं की सातच्या सात उठून बसायचे. ज्याचं नाव तो जायचा. बाकीच्यांनी एकमेकांकडे बघायचं नाही, असा नियमच होता, कुणी केलेला नाही.

झोप कशी लागायची विचारलं ना तुम्ही. ती सात जणांत लागायची. घरी एकट्याला नाही लागली.

लेस्टरकर | दुपारी ४:३३

इकडचं सांगतो. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२५पासून नवा कायदा लागू झालाय. बाळ जन्मल्यावर पहिल्या २८ दिवसांत दवाखान्यात दाखल झालं आणि सलग सात दिवस किंवा जास्त राहिलं, तर आई-बाबा दोघांनाही नेहमीच्या रजेव्यतिरिक्त जास्तीत जास्त बारा आठवडे रजा मिळते. माझा मुलगा त्याआधीचा. दोन आठवडे पितृत्व रजा ती त्याच्या पेटीसमोरच संपली, आणि तो घरी आला त्याच दिवशी मी ऑफिसला. भारतात काय आहे हल्ली?

दीड_शहाणा | दुपारी ५:०१

केंद्र सरकारी नोकराला १५ दिवस. खासगीत कायद्याने काहीच बंधन नाही, कंपनीची मर्जी. आईला २६ आठवडे, पण त्यातलेही दोन महिने पेटीसमोर गेले तर बाळाच्या वाट्याला उरले किती?

अवांतर: विमा असेल तर आजच पॉलिसी उघडा. बऱ्याच वैयक्तिक पॉलिसींत नवजात बाळ ९० दिवसांनंतरच धरतात. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बहुधा पहिल्या दिवसापासून असतं, पण नाव वेळेत नोंदवावं लागतं. माझ्या भावाची मुदत चार दिवसांनी हुकली. त्या धावपळीत कोणाला आठवणार?

पेटीबाहेरचा | २४ जुलै, रात्री १०:२०

विम्याचं बरं झालं सांगितलंत, एचआरला त्याच रात्री मेल टाकली. दूध १७ला परत सुरू झालं. एक मिलीपासून. आज १४. वजन ११९०. बायको घरी आली आणि रोज माझ्याबरोबर येते. पहिल्या दिवशी पेटीजवळ गेली आणि म्हणाली, "फोटोत नाक तुझ्यासारखं वाटलं होतं, नाहीये."

आज सिस्टर म्हणाल्या, बाबा, उद्या अंघोळ करून या, पुढे बटणं असलेला शर्ट घाला, सेंट नको. कांगारू मला करायचंय. बायकोला टाक्यांमुळे फार वेळ टेकून बसवत नाही. आमच्या आईचं म्हणणं, बाप्याच्या छातीवर कसलं बाळ राहतंय, ते आईचं काम. डॉक्टर, तुम्ही काय म्हणता?

डॉ_अनवाणी | रात्री १०:५५

आईंना नमस्कार सांगा आणि बिनधास्त करा. ही पद्धत आली १९७८-७९च्या सुमारास बोगोटाहून, कोलंबियातून. पेट्या कमी आणि बाळं जास्त, म्हणून बाळांना आयांच्या छातीला बांधलं. गरिबाची सोय म्हणून सुरू झालेली गोष्ट आता सगळीकडची शिफारस आहे. दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांत जो मोठा अभ्यास झाला, २०२१मध्ये छापून आला, त्यात १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्यापासून छातीवर ठेवलं तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. आई नसेल तेव्हा घरातलं दुसरं माणूस, हे त्यातच होतं. छातीला ऊब असली की झालं, ती कुणाची हे बाळ विचारत नाही. तंबाखू-सिगारेट असेल तर ते व्यसन मात्र सोडा, वास नुसता शर्टात नाही, श्वासातही असतो. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी जाऊ नका.

आणि एक तारीख लिहून ठेवा. जन्मापासून चार आठवड्यांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा. पडद्याच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या तर वेळेत लेझरने थांबवता येतात. वेळ गेली की दृष्टी जाते, आणि बाहेरून काही दिसत नाही. दवाखान्याने सांगायची वाट बघू नका, तुम्हीच विचारा.

पेटीबाहेरचा | २५ जुलै, रात्री ११:१०

बसलो. पन्नास मिनिटं.

सिस्टरांनी तिला बेडकासारखी उभी ठेवली, कान माझ्या छातीवर, वरून शर्ट आणि पट्टा. पहिली दहा मिनिटं मी श्वासच घेतला नसावा. मग लक्षात आलं की मॉनिटर माझ्या पाठीमागे आहे. मुद्दाम तशी खुर्ची ठेवली होती. आकडे दिसत नव्हते, तेव्हा कळत होतं ते फक्त तिचं हलणं. मधेच तिने नखं रोवली. तांदळाच्या कणीएवढी नखं, पण लागली.

बायको समोर बसून दूध काढत होती. चाळीस मिली निघालं, इतकं आधी कधीच नव्हतं. ती म्हणाली, तू रडतोयस. मला वाटत होतं घाम आहे.

सिस्टर_रात्रपाळी | २६ जुलै, दुपारी ४:१५

खुर्ची आम्ही तशीच ठेवतो हो दादा.

शेवंता_आजी | २६ जुलै, सायंकाळी ७:००

माझ्या नातवाने लिहून दिलंय. आमच्या वेळी म्हणायचे सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. माझी धाकटी आठव्यातली, कापसात गुंडाळून चुलीजवळ ठेवली होती. आता तिला सून आलीय. कोणी तुमच्या बायकोला हे सातवं-आठवं ऐकवलं तर माझं नाव सांगा. पाचवी राहिली असेल, तर घरी आल्यावर करा. सटवाईला घाई नसते.

पेटीबाहेरचा | १७ ऑगस्ट, दुपारी १:३०

आजी, पाचवी राहिलीय. आई कोरा कागद-पेन आणून बसलीय.

वजन १७१०. डोळे ३० जुलैला तपासले. पडदा अजून पुरता वाढलेला नाही म्हणाले, म्हणून परवा परत तपासला, ठीक आहे, पुढची तारीख दिलीय. नळी निघाली. शुक्रवारी सोडू म्हणतायत. मला भीती वाटतेय हे सांगायला लाज वाटते. पंचेचाळीस दिवस घरी न्यायची वाट बघितली, आणि आता मॉनिटर नसेल तर कळणार कसं, हे डोक्यात येतं. बायको म्हणाली, मलाही तेच वाटतंय. म्हणजे दोघांनाही एकच माहिती आहे.

व्हरांड्यातल्या सात जणांचं काय झालं हो, टेम्पोवाले दादा?

एक विचारायचं होतं. डॉक्टरांनी बाटली नको सांगितलीय, अंगावर पाजून वरचं दूध बोंडल्याने. दवाखान्यातलं परत करायचं आहे. पुण्यात चांगलं बोंडलं कुठे मिळेल? सासूबाई चांदीचं म्हणतायत.

टेम्पोवाला_लातूर | दुपारी २:१०

सहा जणांची घरी गेली. सातव्याला आम्ही दरवर्षी फोन करतो, त्याच तारखेला.

मुग्धा_के | दुपारी २:४८

चांदीचं मानाचं म्हणून घेऊ द्या सासूबाईंना, बारशाला उपयोगी पडेल. वापरायला स्टीलचं, दोन घ्या, एक उकळत असताना दुसरं हाताशी. तुळशीबागेत भांड्यांच्या दुकानात विचारा. घेताना चोचीच्या कडेवरून आतून करंगळी फिरवून बघा. काहींची कड खरखरीत असते.